उघडलं की भाव पडला

भूपालअण्णांच्या घरी नाणी बघायला जायचं तर आधी हात साबणानं धुवावे लागत, मग पांढरे सुती हातमोजे घालावे लागत आणि शेवटी तोंडाला रुमाल बांधावा लागे. रुमालाचा नियम महामारीच्या कितीतरी आधीचा. "बोलताना थुंकी उडती," असं ते समजावून सांगत. "दिसत न्हाय, पण उडती. आज उडली की पावसाळ्यात ठिपका. ठिपका आला की भाव पडला." त्यामुळे कपाटातून डबी बाहेर आली की ती परत कपाटात जाईपर्यंत त्या खोलीत कुणी एक अक्षर बोलायचं नाही.

आमच्या मंगळवार पेठेत समोरच्या गॅलरीतल्या बाईकडे मीठ मागितलं तरी ते पुढच्या चौकात कळतं. अशा ठिकाणी हा नियम पाळणं सोपं नव्हतं. माणसं रुमालाआड गुदमरायची. कुणाला खोकला यायचा, कुणाला हसू. मला मात्र ती खोली आवडायची. चारचौघांत बोलणं मला लहानपणापासून जमत नाही. न बोलण्याबद्दल माझं कौतुक व्हावं अशी अख्ख्या कोल्हापुरात ती एकच जागा होती.

"ही बघा, कॉन्व्हेंट," अण्णा आलेल्यांना सांगायचे. "कशी गप बसती. न उघडलेली डबी हाय ही. भाव टिकून हाय."

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मी 'कॉन्व्हेंट'. आमचं घर त्यांच्या घराला लागून. टांकसाळीच्या वेबसाइटवर नाणी बुक करायची असली, की ते भिंतीवर तीनदा थापटायचे. मग मी जायची, फॉर्म भरायची आणि त्यांच्या बायकोच्या, रत्नाक्कांच्या, हातचा चहा पिऊन परत यायची.

ज्यांना ही भानगड ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. सरकारी टांकसाळ अधूनमधून कुणाच्या तरी जन्मशताब्दीची, कसल्या तरी महोत्सवाची खास नाणी काढते. ती बाजारात चालवण्यासाठी नसतात. घासून चकचकीत केलेल्या ठशाखाली ती एकेक करून पाडतात. त्यामुळे मागचा भाग आरशासारखा चमकतो आणि वरचं चित्र दहिवरासारखं पांढरं दिसतं. अशा नाण्यांचा मखमली डबीतला संच म्हणजे प्रूफ सेट. चांदीच्या नाण्यावर लिहिलेलं असतं शंभर रुपये आणि ते घ्यायला मोजावे लागतात काही हजार.

गल्लीतल्या दूधवाल्या संभाजीला हे कधीच पटलं नाही. "अण्णा, शंभराचं नाणं चार हजाराला घेतलासा? मला द्या की चार हजार. मी तुम्हाला शंभराच्या पाच नोटा देतो. पाचपट फायदा."

"तुझ्या नोटा नगंत," अण्णा म्हणायचे. "त्यास्नी शेणाचा वास येतो."

यात त्यांना विनोद करायचा नसे. अण्णा एका सहकारी बँकेत कॅशियर होते. नोकरीभर त्यांनी लोकांनी थुंकी लावून मोजलेल्या, बनियनच्या आत घामानं भिजलेल्या, माशांच्या बाजारातून आलेल्या नोटा मोजल्या. घरी आले की ते कोपरापर्यंत हात धुवायचे. पहिला प्रूफ सेट त्यांनी निवृत्तीच्या आधी घेतला आणि रत्नाक्कांना दाखवून म्हणाले, "हे बघ. कुणाचं बोट न लागलेला पैसा." इतक्या प्रेमानं ते दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल बोलल्याचं अक्कांना आठवत नव्हतं. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

पुढे ही कल्पना कपाटातून निघून घरभर पसरली. सोफ्याचं प्लॅस्टिक निघालं नाही. उन्हाळ्यात त्यावर बसलं की उठताना फडफड आवाज यायचा. रिमोट पिशवीत. स्कूटरच्या सीटवर कंपनीचं कव्हर, त्या कव्हरवर आणखी एक कव्हर. पावसाळ्यात अण्णा चप्पल लाइनीत जाऊन बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणायचे. दुकानदारांना वाटे, म्हातारा चप्पल घेणार. म्हातारा नुसत्या पुड्या घेऊन निघून यायचा. अक्कांच्या माहेरून, कुरुंदवाडहून, आलेला चिनी मातीच्या कपांचा संच तर मी कायम खोक्यातच पाहिला. आम्ही चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायलो.

"वापरा की ते कप," कुणी म्हटलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं. "उघडलं की भाव पडला."

"ह्यांचं चाललं तर मलाबी डबीत घालून ठेवतील," अक्का म्हणायच्या.

"तुझं लगीन झालं तवाच उघडलं. भाव पडला."

माणसं हसायची. अक्काही हसायच्या. त्यांची पद्धत अशी, की आधी लोकांकडे बघायचं आणि मग हसायचं.

अण्णांनी आयुष्यात एकही सेट विकला नव्हता. पण भाव मात्र त्यांना रोजचा रोज ठाऊक असे. इंटरनेटवर कुणी काय किंमत लावली आहे ते मला शोधायला लावायचे आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाहीर करायचे, "अमक्या सेटला साठ हजार चाललाय." चाललाय म्हणजे कुणीतरी मागितलाय. तो कुणी विकत घेतलाय असं त्या पानावर कुठेच लिहिलेलं नसे.

सगळ्या डब्यांत एक डबी खरी. जुना सेट, फार थोडे निघालेले. त्यातलं चांदीचं नाणं मोठ्या बिस्किटाएवढं, जड. त्यासाठी अण्णांनी रजा टाकून, रात्रीच्या गाडीनं जाऊन, टांकसाळीबाहेर रांग लावली होती. ती डबी ते वर्षातून एकदाच उघडायचे.

ज्या दिवाळीची गोष्ट मला सांगायची आहे, त्या पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. अण्णा न्हाणीत होते. अक्का स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून साबणानं बोट चोळत होत्या.

"अंगठी निघंना बघ," त्या म्हणाल्या. "मघाधरनं करतोय. तेल लावलं, साबण लावला. वय झालं की बोटं जाड व्हायचीच. पण ओवाळायला सोनं नको व्हय?"

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. तबकात निरांजन, हळदकुंकू, सुपारी आणि हातातली अंगठी. सुपारी आणि अंगठी चेहऱ्याभोवती फिरवायची. दुसरी अंगठी बँकेच्या लॉकरमध्ये होती. लक्ष्मीचं चांदीचं नाणंही लॉकरमध्ये. अण्णांनी ठेवण्यासारखं सगळं लॉकरमध्ये ठेवलं होतं.

अक्कांनी खुंटीवरच्या शर्टातून किल्ल्या काढल्या, कपाट उघडलं आणि नेमकी ती डबी घेऊन आल्या.

"एवढी चांदी घरात असताना नुसत्या सुपारीनं ओवाळू काय?"

मी "अक्का, हातमोजे" एवढं म्हणेपर्यंत त्यांनी पारदर्शक खोळ उघडून नाणं बाहेर काढलंसुद्धा. तेलाचा, कुंकवाचा हात. अंगठा बरोबर मधोमध. नाणं त्यांनी उजेडाकडे धरलं.

"आरशागत हाय की गं. ओवाळताना त्यांचंच तोंड त्यांना दिसंल." त्या खूश झाल्या होत्या. आपल्याला काहीतरी छान सुचलंय, असा तो चेहरा होता.

अण्णा टोपी घालून पाटावर बसले. मी दारात होते. अक्कांनी कुंकू लावलं, निरांजन फिरवलं, सुपारी फिरवली आणि नाणं उचललं. ते डाव्या कानापासून कपाळापर्यंत आलं तेव्हा अण्णांची नजर त्यावर पडली.

ते ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी मांडीवरचा पंचा उचलला, त्या पंच्यानं अक्कांच्या हातातलं नाणं धरून काढून घेतलं आणि पाटावरून उठले. ओवाळणं अर्ध्यात असताना कुणी उठत नाही. अक्का तबक धरून तशाच उभ्या राहिल्या. ओवाळणीचं पाकीट अण्णांच्या खिशातून वर डोकावत होतं. ते खिशातच राहिलं.

आतल्या खोलीतून फक्त एकदा आवाज आला, "कळत कसं न्हाय तुला."

अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लाडू खातीस?"

बोटाचा ठसा चांदीवर लगेच दिसत नाही. आधी नुसतं धुरकट वाटतं. मग त्वचेचं तेल हळूहळू धातूत उतरतं आणि रेषा वर येतात. अण्णांना हे मीच एका इंग्रजी लेखातून वाचून दाखवलं. पुढच्या दिवाळीपर्यंत आरशाच्या मधोमध तपकिरी अंगठा उमटला, एकेक रेषा वेगळी दिसेल इतका स्वच्छ.

आता ती डबी वर्षातून एकदा नाही, येईल त्याच्यासाठी उघडायला लागली. हात धुवा, मोजे घाला, रुमाल बांधा. अण्णा भिंग पुढे करायचे. एरवी बोलायची बंदी, पण या डबीपुरती त्यांनी स्वतःला सूट दिली होती.

"बघा. मॅट्रिक झालेली बाई. सही येती. पण हितं अंगठा लावलाय." आणि मग, "तीस हजारांचा अंगठा हाय ह्यो."

पाहुण्यांना हसायची परवानगी नव्हती. रुमालाआड नुसते खांदे हलायचे. दारात अक्का चहाचे पेले घेऊन उभ्या असायच्या, एका हातावर पदर गुंडाळलेला. सगळे वळून त्यांच्याकडे बघायचे. त्याही हसायच्या. मला वाटायचं, एकदा तरी यांनी चहा ओतून द्यावा त्या मखमलीवर. त्यांनी कधी ओतला नाही. मी त्या खोलीत जाणं कमी केलं. भिंतीवर थाप पडली की कॉलेजचं काम आहे असं आईकरवी कळवायची.

हे काही वर्षं चाललं. मग एके दिवशी अक्कांच्या पायात चप्पल शिरेना. मग चेहरा सुजला. मूत्रपिंडं कामातून गेली होती. रिक्षानं दवाखान्यात नेणं, चार तास यंत्राला जोडून पडणं, परत आणणं असं सुरू झालं. दवाखान्यात त्यांची अंगठी कापून काढावी लागली. कापलेली अंगठी अण्णांनी नाण्याच्या रिकाम्या खोळीत घालून घरी आणली.

अक्का गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा तेच सांगत. "एकदम आलं. डॉक्टरनं इचारलं, सूज कवापासनं? म्हणलं, आत्ताच, दोन महिने झालं असतील. काय कळायच्या आतच सगळं झालं." हे ते एकाच चालीत सांगायचे, नाण्याचा भाव सांगायचे तसे. त्यात 'एकदम' या शब्दावर जोर असे.

मला त्यांची कीव येत नव्हती. खरं तर रागच होता. बारा दिवस त्या घरात माणसांची ये-जा होती आणि कुरुंदवाडचे कप तेव्हाही खोक्यातच होते.

पुण्याहून त्यांच्या मुलाचे फोन सुरू झाले. अण्णांनी तिकडे राहायला यावं. फ्लॅट लहान आहे, कपाटं आणू नका, त्या डब्यांचं काय ते तिथेच करून या. आठवडाभरानं भिंतीवर तीन थापा पडल्या. यावेळी मी गेले.

"विकायचं हाय," ते म्हणाले. "तू संगट चल. त्यात इंग्लिश कागद हाईत."

दोन बॅगा भरून डब्या घेऊन आम्ही गुजरीत, सराफांच्या गल्लीत, एका नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. पन्नाशीचा, जाड, सतत बोलणारा माणूस. अण्णांनी शिरस्त्याप्रमाणे हातमोजे चढवले आणि आधी त्याला धुतलेला रुमाल दिला. त्यानं "थँक्यू" म्हणून त्या रुमालानं काउंटर पुसला. अण्णांचा चेहरा बघवेना.

तो डब्या पत्त्यांसारख्या मांडत गेला. "पावणं, खरं सांगू? डबी भारी हाय. आतला माल जेमतेम."

"इंटरनेटवर साठ हजार हाय ह्येला."

"मागत्यात ओ. मीबी माझ्या मोडक्या स्कूटरला साठ हजार मागतो. देतंय कोण? टांकसाळीनं हे पोत्यानं विकलंय. अर्ध्या कोल्हापूरच्या कपाटात ह्येच हाय, आणि सगळे मला म्हणत्यात आमचं उघडलं न्हाय. न उघडून काय अंडी घालणार हाय ते? चांदीच्या वजनावर घेतो. बाकीची, वर आकडा लिहिलाय तेवढ्याला."

इतक्या वर्षांचे भाव त्या काउंटरवर एकेक करून खाली येत होते आणि अण्णा फक्त डब्यांची टोकं एका रेषेत लावत होते.

शेवटी ती जुनी डबी निघाली. व्यापाऱ्यानं पहिल्यांदाच डोळ्याला भिंग लावलं.

"ह्यो खरा माल. कुठं मिळाला तुम्हाला?" मग नाणं तिरकं करून, "आर्र. बोट लागलंय. आणि केवढं ओ. कुठल्या तालमीतल्या पैलवानाला दावलासा?"

"पैलवान न्हाय," अण्णा म्हणाले. "आमची मंडळी."

"मग वहिनी दणकट दिसत्यात," तो हसला. "असू दे. औषधात एक बुडी दिली की ठसा जातोय. चमक जरा मरंल, पण गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. असं करू, ह्यो सेट देणार असलासा तर बाकीचंबी सगळं उचलतो, चांगल्या भावानं. ह्यो न्हाय तर काहीच नको. नेवा परत."

अण्णांनी हात पुढे केला. व्यापाऱ्याला वाटलं, सौदा ठरला. अण्णांना भिंग हवं होतं.

ते नाण्यावर वाकले. हा ठसा त्यांनी गावाला दाखवला होता. त्याची एकेक रेष त्यांना पाठ असणार. तरी ते खूप वेळ बघत राहिले.

"दणकट नव्हती ती," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. "कासार म्हणायचा, अक्का, तुमचं बांगडीचं माप शाळंतल्या पोरीचं हाय."

मग त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला आणि आपला अंगठा ठशाच्या शेजारी धरला. अण्णा चांगले उंचेपुरे. त्यांच्या अंगठ्यापेक्षा ठसा रुंद होता.

"कॉन्व्हेंट," ते वर न बघता म्हणाले, "त्या दिशी तू आत हुतीस न्हवं? तिनं अंगठी का घेतली न्हाई?"

"निघत नव्हती," मी म्हणाले. "साबण लावला होता. तरी निघाली नाही."

"तवाच?"

"हो."

व्यापाऱ्यानं विचारलं, "मग देऊ काय बुडी?"

अण्णांनी नाणं खोळीत ठेवलं. खोळ त्यांना दाबून बंद करता येईना, ती मीच बंद केली. "डॉक्टरनं इचारलं हुतं मला," ते म्हणाले. दोन्ही बॅगा आम्ही रिक्षात घालून परत आणल्या.

पुण्याला ते गेले नाहीत. मुलगा चिडला आहे. 'एकदम आलं' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. मात्र अक्कांना जे पाहुण्यांपुढे ऐकावं लागलं, ते काही त्यामुळे परत घेतलं जात नाही. मी त्यांच्याशी नीट वागते, राग अजून पुरता गेलेला नाही.

परवा लाइटबिल भरायचं म्हणून त्यांनी भिंतीवर थापटलं. मी सवयीनं मोरीकडे हात धुवायला निघाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." रुमालही दिला नाही. चहा त्यांनीच केला आणि कुरुंदवाडच्या कपातून दिला. कपाच्या तळाला कारखान्याचा कागद अजून चिकटलेला होता.

नाण्यांच्या कपाटाच्याच खोलीत, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर अक्कांचं तबक होतं. त्यात सुपारी, कापलेली अंगठी आणि ते नाणं. खोळ नाही, मखमल नाही, ओल शोषणारी पुडी नाही. पावसाळी हवेनं नाण्याच्या कडा काळवंडल्या होत्या आणि काळेपणा आत सरकत होता.

त्या खोलीत मी आपण होऊन कधी काही बोलले नव्हते. "अण्णा," मी म्हणाले, "काळं पडायला लागलंय."

"पडू दे की," ते म्हणाले. "ठसा उठून दिसाय लागलाय."